नाणी बोलतात, ऐकतो कोण?

छंद अनेक आहेत. पण नाणेसंग्राहकाइतका बोलका छांदिष्ट विरळा. हाती एखादे अनोळखी नाणे आले, की ते कोणाला तरी दाखविल्यावाचून त्याला चैन पडत नाही. पुण्याच्या जुन्या बाजारात, मुंबईतील प्रदर्शनांत, मंडळांच्या बैठकींत, सूचिपत्रांच्या आणि नियतकालिकांच्या पानांवर तो सांगत असतो : वजन इतके, काठ असा, अक्षराची वेलांटी अमुक बाजूस वळलेली, कोठे मिळाले, केवढ्याला मिळाले. या बोलण्यात थोडी बढाई असते, थोडा हेवा असतो; परंतु पुष्कळदा अस्सल ज्ञानही असते. सातवाहनांच्या किंवा मराठ्यांच्या नाण्यांचे जे बारीकसारीक प्रकार आज अभ्यासकांना ठाऊक आहेत, त्यांतील कितीतरी प्रथम अशाच हौशी माणसांच्या नजरेस पडले.

मात्र बोलणारा एक असेल, तर मुकाट्याने ऐकणारे पुष्कळ असतात. ते प्रश्न विचारीत नाहीत, आपले नाणे दाखवीत नाहीत, नावही सांगत नाहीत. हे कोण, याचा विचार संग्राहक सहसा करीत नाहीत. आणि केलाच, तर घाबरून एकदम तोंड मिटून घेतात. या दोन्ही टोकांमुळे नुकसान होते. ते संग्राहकांपुरते असते, तर त्यावर वृत्तपत्राचे रकाने खर्ची घालण्याचे कारण नव्हते. नुकसान होते ते महाराष्ट्राच्या इतिहासाचे.

या अबोल श्रोत्यांपैकी बहुसंख्य निरुपद्रवी असतात, हे आधीच सांगितले पाहिजे. आजोबांच्या ट्रंकेत फडक्यात बांधलेले चार रुपये आणि मूठभर ढब्बू पैसे सापडलेला नातू, बँकेच्या खिडकीमागे बसून रोजच्या भरण्यातले वेगळे नाणे स्वतःचे पैसे टाकून बदलून घेणारा रोखपाल, इतिहासाच्या तासाला मुलांपुढे ठेवण्यासाठी एखादी शिवराई शोधणारा शिक्षक, असा हा वर्ग आहे. त्याला फक्त एवढेच जाणून घ्यायचे असते, की आपल्याजवळ आहे ते काय आहे. जाणकारांचे बोलणे त्याच्या कानांवर पडले नाही, तर तो कोणाच्या हाती लागतो हे आपण पाहिले आहे. वैष्णोदेवीचे चित्र असलेले पाच रुपयांचे नाणे द्या आणि लाखो रुपये न्या, अशा जाहिरातींनी गेली काही वर्षे साध्या माणसांना भुलविले. त्यांत प्रथम 'नोंदणी शुल्क' मागितले जाते, आणि शुल्क भरले की गिऱ्हाईक दिसेनासे होते. अखेरीस ऑगस्ट २०२१ मध्ये रिझर्व्ह बँकेला जाहीर करावे लागले, की जुन्या नोटा व नाणी यांच्या खरेदी-विक्रीशी बँकेचा काही संबंध नाही आणि त्यासाठी बँक कोणाकडूनही शुल्क अथवा दलाली घेत नाही. रामपंचायतनाचे किंवा मारुतीचे चित्र आणि '१८१८' हे साल असलेली, ईस्ट इंडिया कंपनीची म्हणून खपविली जाणारी 'चमत्कारी' नाणीही याच जातीची. कंपनीने चलनासाठी असली नाणी कधी पाडलीच नाहीत, हे कोणताही संग्राहक दोन वाक्यांत सांगेल. ती दोन वाक्ये ऐकावयास मिळाली असती, तर किती घरांतील कष्टाचा पैसा वाचला असता!

दुसरा श्रोता मात्र वेगळा आहे. तो संग्राहकाइतकाच, किंबहुना त्याच्याहून अधिक काळजीपूर्वक ऐकतो; कारण त्याचे पोट त्यावर चालते. तो म्हणजे खोटी नाणी करणारा कारागीर.

छत्रपती शिवाजी महाराजांचा सोन्याचा होन अत्यंत दुर्मीळ आहे, आणि त्याच्या बनावट प्रती मात्र मुबलक आहेत. एका बाजूस 'श्री राजा शिव', दुसऱ्या बाजूस 'छत्रपति', भोवती ठिपक्यांचे कडे. ही मांडणी साधी असल्यामुळे नकल करणाऱ्यास ती सोपी वाटते. तांब्याच्या शिवराईवर 'शिव'प्रमाणे 'सिव'ही आढळते, 'पति'प्रमाणे 'पती'ही आढळते. असे अक्षरभेद आणि चिन्हभेद संग्राहकांनी वर्षानुवर्षे जमवून, चित्रांसह प्रसिद्ध केले आहेत. ते वाचून अभ्यासक शहाणा होतो, तसा बनावट करणाराही होतो. कोणता प्रकार दुर्मीळ, कशाला किंमत अधिक, मागील नकल कोठे पकडली गेली, हे सारे त्याला घरबसल्या कळते. ब्रिटिश अमदानीतील १९३९ चा रुपया दुर्मीळ म्हणून प्रसिद्ध होताच, दुसऱ्या सालच्या रुपयावरील आकड्यात फेरफार करून तो विकणारे निघालेच.

यावर काही बुजुर्ग संग्राहकांचे म्हणणे असे, की खोटे नाणे ओळखण्याच्या खुणा छापूच नयेत. त्या जाणत्यांनी जाणत्यांना कानात सांगाव्यात. हे म्हणणे वरवर सयुक्तिक दिसते, पण ते तपासून पाहिले पाहिजे.

या धंद्याचा इतिहास जुना आहे. कार्ल विल्हेल्म बेकर (१७७२ ते १८३०) हा जर्मन गृहस्थ त्यातील अर्वाचीन काळचा सर्वांत निष्णात पुरुष. सांगतात, की तरुणपणी एका सरदाराने त्याच्या गळ्यात खोटे नाणे मारले, आणि तो तक्रार करावयास गेला तेव्हा, जे कळत नाही त्यात पडू नये, असा उपदेशही केला. बेकरने तो उपदेश मनावर घेतला. ग्रीक, रोमन व मध्ययुगीन नाण्यांचे शेकडो ठसे त्याने स्वतःच्या हातांनी कोरले. नव्या नाण्याची झळाळी घालविण्यासाठी तो ती नाणी लोखंडाचा कीस व तेलकट मळी भरलेल्या पेटीत घालून पेटी घोडागाडीखाली बांधीत असे. खडबडीत रस्त्यावरून फिरून आले, की नाणी दोन हजार वर्षांची दिसू लागत. आपल्या 'म्हाताऱ्यांना' आपण फिरवून आणतो, असे तो म्हणे. त्याच्या डायरीत या सहलींच्या नोंदी आहेत! पुढे १८२६ साली दोमेनिको सेस्तिनी या इटालियन पंडिताने अर्वाचीन नकलाकारांवर पुस्तक छापून बेकरच्या नाण्यांचा गौप्यस्फोट केला. तो जाहीर रीतीने झाला म्हणूनच युरोपातील संग्रहालयांना आपापल्या कपाटांतील 'म्हातारे' ओळखता आले. बेकरचे ठसे पुढे बर्लिनच्या संग्रहालयात जाऊन पडले आणि १९२०च्या दशकात जॉर्ज हिल यांनी त्यांची समग्र सूची सिद्ध केली. आज बेकरचे नाणे अस्सल म्हणून कोणाच्या माथी मारणे जवळजवळ अशक्य आहे.

येथे एक व्यावहारिक मुद्दा आहे. खोट्या नाण्याची खूण प्रसिद्ध झाली, की कारागीर पुढच्या वेळी ती चूक सुधारतो, हे खरे. पण त्याच्याजवळ पडून असलेला माल त्या दिवशी मातीमोल होतो, आणि नवा ठसा कोरण्याचा खर्च पुन्हा करावा लागतो. शिवाय सर्वच चुका वाचून सुधारता येत नाहीत. हाताने घाव घालून पाडलेली दोन नाणी कधीही तंतोतंत सारखी नसतात; घाव सरकतो, धातूची चकती कमीजास्त पसरते. म्हणून दोन नाण्यांवर एकच ओरखडा, एकच खळगा त्याच जागी दिसला, तर त्यांपैकी निदान एक तरी साच्यात ओतलेले आहे, हे शाळकरी पोरासही कळेल. ओतीव नाण्याच्या पृष्ठभागावर बुडबुड्यांचे सूक्ष्म खड्डे राहतात, काठावर साच्याच्या जोडाची रेघ राहते, अक्षरे लोण्यासारखी मऊ दिसतात. रेघ घासून काढावी, तर घासल्याची खूण राहते. तांब्यावर शतकानुशतके चढलेली पुटे आणि आम्लाने आठवड्यात आणलेला हिरवेपणा यांतील फरक भिंगाखाली लपत नाही. हे सारे उघड बोलले गेल्याने नकलाकाराचे जे भले होईल, त्याहून कितीतरी अधिक भले नव्या संग्राहकाचे होईल. कानात सांगण्याच्या पद्धतीने फक्त एकाच वर्गाचे भले होते, आणि तो वर्ग म्हणजे ज्याच्या कानापर्यंत गोष्ट पोहोचते असा मोठा व्यापारी. आंतरराष्ट्रीय नाणेविक्रेत्यांच्या संघटनेने १९७५ साली खोट्या नाण्यांच्या बंदोबस्तासाठी स्वतंत्र विभाग उभारून खास पत्रिका काढली, ती काही परोपकारबुद्धीने नव्हे. धंद्यावरील विश्वास उडाला तर धंदाच बुडेल, हे त्यांना उमगले होते.

तेव्हा नाण्याविषयी जेवढे बोलता येईल तेवढे बोलावे, या मताचा मी आहे. परंतु नाणे जेथे सापडले त्या जागेविषयीही तसेच मोकळे असावे काय? येथे मात्र माझे उत्तर नकारार्थी आहे. आणि याचे कारण तिसरा श्रोता.

इंग्लंडच्या सरे परगण्यात वॉनबरो नावाचे खेडे आहे. १९८०च्या दशकाच्या पूर्वार्धात तेथील शेतात धातुशोधक यंत्र घेऊन हिंडणाऱ्या दोघा हौशी माणसांना प्राचीन नाणी सापडली आणि त्यांनी ती प्रामाणिकपणे अधिकाऱ्यांच्या नजरेस आणली. त्या वेळच्या कायद्याप्रमाणे उघड चौकशी झाली आणि चौकशीत स्थळाचे नाव उच्चारले गेले. ऐकणारे ऐकत होते. त्यानंतर रात्रीच्या अंधारात टोळ्या त्या शेतावर उतरल्या आणि त्यांनी शेत अक्षरशः पोखरून काढले. मागाहून झालेल्या उत्खननात तेथे रोमन काळातील देऊळ असल्याचे दिसून आले. पण देवळात वाहिलेली हजारो नाणी जगभरच्या बाजारांत पांगली होती. कोणते नाणे कोणत्या थरात, कशाशेजारी होते, हे आता कोणी सांगू शकणार नाही. या प्रकाराने सरेचे पुराणवस्तुप्रेमी पेटून उठले. त्यांनी चालविलेल्या चळवळीचा १९९६ च्या नव्या निधी कायद्यात मोठा वाटा आहे.

तो कायदा आणि त्याच्या जोडीने १९९७ पासून सुरू झालेली नोंदणी योजना यांचा आपण अभ्यास करण्यासारखा आहे. ठिकठिकाणी नेमलेले अधिकारी शेतकऱ्यांकडे, हौशी शोधकांकडे स्वतः जातात, वस्तू पाहतात, तिची नोंद करतात आणि बहुतेक वेळा वस्तू परत देतात. कायद्याच्या व्याख्येत बसणारा 'निधी' संग्रहालयास हवा असेल, तर तज्ज्ञांची समिती बाजारभावाने त्याचे मोल ठरविते, आणि ती रक्कम सामान्यतः शोधणारा व जमीनमालक यांत निम्मीनिम्मी वाटली जाते. नोंदी सर्वांस खुल्या असतात. मात्र नेमके स्थळ ढोबळपणेच दिले जाते. ते पूर्णांशाने फक्त अधिकृत अभ्यासकास कळते. नाणे काय आहे ते सर्वांना सांगावे आणि पुढचे नाणे कोठे असू शकेल ते राखून ठेवावे, हा विवेक मला पटतो.

ही व्यवस्था चोऱ्या थांबविते असा दावा कोणी करू नये. २०१५ साली इंग्लंडमध्येच एकाच राजांच्या नाण्यांचे दोन निधी सापडले. ऑक्सफर्डशायरमधील वॉटलिंग्टन येथील निधी सापडणाऱ्याने रीतसर कळविला. दोन वर्षांनी ॲशमोलियन संग्रहालयाने तो साडेतेरा लाख पौंडांना घेतला. दुसरा हेरफर्डशायरमध्ये लेमिन्स्टरजवळ सापडला. तो शोधणाऱ्या दोघांनी थोडे दागिने पुढे केले आणि नाण्यांचा मोठा साठा दडवून गुपचूप विकावयास काढला. पण शोधकांच्या वर्तुळात कुजबुज झाली, आणि ती कुजबुज त्या भागातील नोंदणी अधिकाऱ्याच्या कानी गेली. दूरध्वनीतून पुसून टाकलेली छायाचित्रे पोलिसांनी पुन्हा हस्तगत केली. नोव्हेंबर २०१९ मध्ये दोघांना दीर्घ मुदतीच्या कैदेची शिक्षा झाली. पुढे अपिलात ती कमी करण्यात आली. अंदाजे ३०० नाण्यांपैकी खटल्याच्या वेळेपर्यंत ३० च्या आसपासच परत मिळाली होती. आल्फ्रेड राजा आणि मर्सियाचा दुसरा चेओलवुल्फ या दोघांनी एकाच घडणीची नाणी पाडली होती, हे या निधींतून पुन्हा ठळकपणे पुढे आले. ज्या चेओलवुल्फला आल्फ्रेडच्या पक्षाच्या बखरकारांनी मूर्ख सरदार म्हणून निकालात काढले होते, तो आल्फ्रेडचा बरोबरीचा सहकारी होता, असे नाणी सांगत होती. गहाळ झालेली नाणी आणखी काय सांगणार होती, कोण जाणे.

तात्पर्य, मुकाट ऐकणाऱ्यांत सरकारचा माणूसही असतो, आणि तो जाणता असेल तर ते इष्टच आहे.

आता आपल्याकडे पाहू. नाणी एकगठ्ठा आणि स्थळासह हाती आली तर काय होते, याचे महाराष्ट्रातील उत्तम उदाहरण म्हणजे नाशिक जिल्ह्यातील जोगळटेंभी. १९०६ साली तेथे चांदीच्या तेरा हजारांवर नाण्यांचा साठा सापडला. सारी नाणी क्षहरात क्षत्रप नहपानाची. आणि त्यांपैकी नऊ हजारांवर नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा मारलेला. रेव्हरंड स्कॉट यांनी ती तपासून प्रसिद्ध केली. नाशिकच्या लेण्यांत गौतमी बलश्रीच्या लेखात आपल्या पुत्राने क्षहरातांचा उच्छेद केल्याचे जे म्हटले आहे, त्याला या साठ्याने धातूची साक्ष दिली. पराभूताचे चलन वितळवीत न बसता त्यावर आपली मुद्रा उमटवून ते पुन्हा बाजारात सोडणारा राजा आपल्याला दिसला. यांतील नाणी सुटीसुटी, दहा शहरांतील वीस दुकानांत विकली गेली असती, तर प्रत्येक नाणे सुंदरच राहिले असते; पण तेरा हजारांत नऊ हजार हे प्रमाण मात्र कोणास कळले नसते.

आज जोगळटेंभीसारखा साठा एखाद्या शेतकऱ्याच्या नांगराला लागला, तर तो काय करील? १८७८ चा निखात निधी कायदा सांगतो, की दहा रुपयांहून अधिक किमतीचे जे काही जमिनीत दडलेले सापडेल, त्याची लेखी वर्दी जिल्हाधिकाऱ्यास द्यावी, वस्तू सरकारी खजिन्यात भरावी; कसूर केल्यास एक वर्षापर्यंत कैद. आणि सरकारने ती वस्तू स्वतःकडे ठेवण्याचे ठरविले, तर मोबदला किती? मूळ कलमाप्रमाणे तिच्या धातूची किंमत, अधिक त्या किमतीचा एकपंचमांश! सोन्याच्या मोहरांच्या बाबतीत ही रक्कम थोडी तरी दिसेल. पण सातवाहनांची बहुतांश नाणी शिशाची, तांब्याची आणि पोटीन नावाच्या हलक्या मिश्रधातूची आहेत. त्यांच्या धातूची किंमत ती काय होणार? दहा रुपयांची मर्यादा ज्या काळी ठरली त्या काळी दहा रुपये ही मोठी रक्कम होती. आज तिचा अर्थ असा, की शेतात सापडलेले जवळजवळ प्रत्येक जुने नाणे कचेरीच्या फेऱ्यांचे निमंत्रण घेऊन येते. शंभर वर्षांहून जुनी नाणी १९७२ च्या पुराणवस्तू कायद्याच्याही कक्षेत येतात. खासगी व्यक्तीस ती देशाबाहेर नेता येत नाहीत, आणि ते योग्यच आहे. पण निर्यातबंदीने बाहेरचे दार लावले, तरी शेतापासून सराफाच्या पेढीपर्यंतची वाट तशीच राहते.

म्हणून शेतकरी बोलत नाही. तो हळूच पेढीवर जातो. नाणे चांदीचे असेल, तर मोडीचा भाव मिळतो आणि नाणे मुशीत जाते. १९४० पूर्वीच्या रुपयात शेकडा ९१ हून अधिक चांदी असे, आणि चांदीचा भाव चढला की असे रुपये किती वितळतात हे पेढ्यांवर कोणीही सांगेल. नाणे तांब्याशिशाचे असेल, तर ते फिरत्या विक्रेत्याच्या पिशवीत पडते. पिशवीत गेलेल्या नाण्याचे गाव विक्रेता सांगत नाही. कारण ते सांगितले, तर दुसरा विक्रेता तेथे पोहोचेल. शेवटी ते संग्राहकाकडे येते तेव्हा त्याचे वजन, ठसा, अक्षरे सारे असते. गाव तेवढे नसते. संग्राहकाने कितीही मोकळेपणाने बोलायचे ठरविले, तरी जे त्यालाच कोणी सांगितले नाही ते तो कोठून सांगणार?

यातून वाट नाही असे नव्हे. तेरच्या रामलिंगप्पा लामतुरे यांनी आणि पैठणच्या बाळासाहेब पाटील यांनी आपापल्या गावांच्या मातीतून निघालेल्या वस्तू जपल्या. त्यांच्याच नावांची शासकीय संग्रहालये आज तेथे उभी आहेत. नाशिकजवळ अंजनेरीला परमेश्वरीलाल गुप्त यांच्यासारख्या विद्वानाने नाणकशास्त्राच्या संशोधनाची स्वतंत्र संस्था आकारास आणली. म्हणजे माणसे आहेत, संस्था आहेत. नाही ती एवढीच गोष्ट, की सापडणाऱ्याला भय न वाटता नोंद करता येईल अशी जागा. निखात निधी कायद्यातील मोबदल्याचे कलम बदलून बाजारभाव द्यावा. किरकोळ, सुट्या नाण्यांसाठी वर्दी व खजिना यांऐवजी साधी नोंद पुरेशी मानावी. नोंद करून नाणे सापडणाऱ्यास परत द्यावे. गटक्रमांक कचेरीत राखून नोंदीत फक्त तालुका छापावा. यांपैकी एकाही गोष्टीला मोठा खर्च लागत नाही. जिल्ह्यास एक जाणता अधिकारी लागेल, आणि तो पोलीस ठाण्यात नव्हे, तर संग्रहालयात बसणारा असावा.

संग्राहकांच्या मंडळांनीही थोडे करावे. नाणे विकत घेताना 'कोणत्या गावचे?' हा प्रश्न प्रत्येक वेळी विचारावा, आणि उत्तर मिळाले तर ते खासगी वहीत लिहून ठेवावे, सभेत सांगू नये. खोट्याच्या खुणा मात्र सभेत सांगाव्यात, मोठ्याने सांगाव्यात. सध्या नेमके उलटे चालते. खोटे नाणे पदरी पडलेला गृहस्थ लाजेने गप्प बसतो, आणि चांगले नाणे मिळालेला गृहस्थ नदीच्या वळणासकट पत्ता सांगतो.

पावसाळा ओसरल्यावर गोदावरीच्या किंवा तेरणेच्या काठी खेळताना एखाद्या मुलाला शिशाचे, हत्तीचे चित्र असलेले नाणे सापडले आणि तो ते घेऊन शाळेत आला, तर ते कोठे नोंदवावे, कोणाला दाखवावे, याचे उत्तर आज त्याच्या शिक्षकाजवळ नाही.